केक कोणाचा, सुरी कोणाची?

गेल्या १३ एप्रिलच्या रात्रीची गोष्ट. आमच्या वस्तीत पंचशील ध्वजाच्या कट्ट्यापाशी तीन-चारशे माणसे जमली होती. बायका पांढऱ्या साड्या नेसून पुढे बसलेल्या, म्हातारी मंडळी खुर्च्यांवर, पोरे कट्ट्याच्या पायऱ्यांवर. बाराला दहा मिनिटे असताना मंडळाच्या कार्यकर्त्यांनी टेम्पोतून केक उतरवला. चौघांनी धरून आणावा लागला, इतका मोठा. चौदा किलोचा. सगळा निळा, मधोमध बाबासाहेबांची तसबीर आणि खाली 'जयभीम'. हल्ली बेकरीवाले खाता येणाऱ्या कागदावर खाता येणाऱ्या शाईने कोणाचेही छायाचित्र छापून देतात. पैसे मोजले की झाले.

मंडळाच्या अध्यक्षांनी चांगला विचार केला होता. नगरसेवकाच्या हाताने केक न कापता, चौथीत पहिली आलेल्या मुलीच्या हाताने कापायचा. मुलगी पुढे आली. तिच्या हातात सुरी दिली. बारा वाजले. फटाके फुटले, घोषणा झाल्या, शे-दोनशे मोबाईल वर झाले. पण मुलगी सुरी धरून तशीच उभी. अध्यक्ष म्हणाले, "अगं काप की!" ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "काका, कुठं कापू? सगळीकडं बाबासाहेबच हायेत."

वाचकहो, त्या क्षणी ध्वनिक्षेपक चालू असूनही कट्ट्यावर शांतता पसरली. जो प्रश्न आम्हा शिकल्या-सवरलेल्यांना सुचला नाही, तो नऊ वर्षांच्या मुलीला सुचला. शेवटी कोणीतरी म्हणाले, "कडंला काप." तिने कडेचा निळा तुकडा कापला. टाळ्या झाल्या. मग सगळीकडून कडाकडा कापून केक वाटला गेला. मधला तसबिरीचा चौकोन मात्र कोणी कापेना. त्याचे पुढे काय झाले, ते शेवटी सांगतो.

त्या मुलीचा प्रश्न आमच्या डोक्यातून गेला नाही. केकसारखी साधी वस्तू. पण ती आपल्या घरात, कचेरीत, चौकात आणि आपल्या बोलण्यात कशी शिरली, कोणाच्या हाताने शिरली आणि तिच्याबरोबर काय काय आले, याचा विचार चळवळीच्या माणसाने एकदा केला पाहिजे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. केक विलायती आहे, म्हणून तो नको, असे म्हणणारे एक टोळके आहे. मेणबत्ती विझवणे अशुभ, वाढदिवस तिथीने करावा, औक्षण करावे, केक ही आपली संस्कृती नव्हे, असे संदेश दर चार दिवसांनी मोबाईलवर येतात. आपल्यातलेही काही जण ते विचार न करता पुढे ढकलतात. आम्ही त्यांना विचारतो, 'आपली संस्कृती' म्हणजे नेमकी कोणाची? ज्या तिथीने तुम्ही वाढदिवस करायला सांगता, ती पंचांगात असते आणि पंचांग भटजीच्या हातात असते. आमच्या आजा-पणजाची तिथी कोणत्या भटजीने कुठे लिहून ठेवली होती? आणि विलायती म्हणायचे, तर मिरची, बटाटा, टोमॅटो हेही जहाजातूनच आले. उपवासाच्या ताटातला बटाटा आणि साबुदाणा दोन्ही परके. ते चालतात, मग केकनेच काय घोडे मारले?

केकचा थोरला भाऊ म्हणजे पाव. या महाराष्ट्रात एकेकाळी पावाचा तुकडा खाल्ला, म्हणून माणूस जातीबाहेर जात असे. १८४९ च्या सुमारास मुंबईत परमहंस मंडळी निघाली. दादोबा पांडुरंग त्यांच्यातले प्रमुख. तिथे सभासद व्हायचे, तर जात मानत नाही याची खूण म्हणून ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. पण ही मंडळी हे सारे गुप्तपणे करीत. १८६० च्या सुमारास त्यांच्या कागदपत्रांना पाय फुटले, नावे बाहेर पडण्याची भीती निर्माण झाली आणि मंडळी मोडली. पुढे १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक, गोखले आदी मंडळींनी चहा घेतला, तर केवढा गहजब झाला! प्रकरण शंकराचार्यांच्या दरबारात गेले आणि प्रायश्चित्ते झाली. ज्या मंडळींच्या पोथ्यांना एका कपाच्या चहाने तडा जात होता, त्यांच्या चौथ्या पिढीने आज आम्हाला केकवरून संस्कृती शिकवू नये. त्याच पुण्यात त्या आधी १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. उघडपणे केला होता आणि प्रायश्चित्त घेतले नव्हते. गुप्तपणे पाव खाणारे आणि उघडपणे हौद खुला करणारे, यांत जे अंतर आहे, तेच सुधारणा आणि क्रांती यांत आहे.

तेव्हा केकवर आमचा आक्षेप तो परका आहे म्हणून नाही. उलट केकला ना मंत्र लागतो, ना मुहूर्त, ना पुरोहित. तो कोणीही कापावा, विधवेनेही कापावा. लहान पोराने मोठ्याला भरवावा. हे चांगलेच आहे. आमचा प्रश्न वेगळा आहे. या केकच्या पोटात काय दडले आहे, ते आपल्याला माहीत आहे काय?

आधी भाषेतला केक पाहा. 'भाकरी मिळत नसेल, तर केक खा' हे वाक्य फ्रान्सच्या राणीच्या, मारी आंत्वानेतच्या नावावर खपते. शाळेत आम्हालाही तसेच शिकवले. खरे काय आहे? हे वाक्य रूसोने आपल्या आत्मचरित्रात एका 'थोर राजकन्ये'च्या तोंडी घातले आहे, तिचे नाव न घेता. रूसो तो भाग लिहीत होता, तेव्हा ही मारी ऑस्ट्रियात खेळणारी लहान मुलगी होती. ती फ्रान्समध्ये आली १७७० साली. मूळ शब्दही केक नव्हे, तर 'ब्रिऑश', म्हणजे लोणी आणि अंडी घातलेला गोडसर पाव. पण राणीने म्हटले असो वा नसो, दोन-अडीचशे वर्षे हे वाक्य लोकांच्या तोंडी टिकले. कारण सत्ताधाऱ्याला उपाशी माणसाचे पोट कळत नाही, हा अनुभव साऱ्या जगाचा आहे. आपल्याकडच्या राण्यांनी केक खा असे म्हटले नाही, एवढाच फरक. आपल्याकडे धर्मानेच लिहून ठेवले की उष्टे खा!

दुसरा शब्द 'केकवॉक'. क्रिकेटचे समालोचक म्हणतात, हा सामना तर केकवॉक झाला. वर्तमानपत्रे लिहितात, अमक्याला निवडणूक केकवॉक. म्हणजे फुकटात मिळालेला विजय. पण या शब्दाची जन्मकथा ऐका. अमेरिकेच्या दक्षिण भागात कापसाच्या आणि तंबाखूच्या मळ्यांवर काळे गुलाम राबत. त्यांचे गोरे मालक आणि मालकिणी हवेलीत नटूनथटून, छाती काढून, पाय टाकीत नाच करीत. गुलाम त्या नाचाची नक्कल करू लागले. जोडीजोडीने, मान उंच करून, गुडघे उचलून ते असे ठुमकत चालत की त्यात मालकाची टिंगल असे. मालकाला वाटे, पाहा, आमचे गुलाम आमच्यासारखे व्हायला बघतात! तो हसे आणि सर्वांत चांगल्या जोडीला बक्षीस म्हणून केक देई. ज्याची टिंगल चालली होती, तोच परीक्षक आणि तोच बक्षीस देणारा. १८६५ साली तिथली गुलामगिरी कायद्याने संपली. पुढे गोऱ्या नटांनी तोंडाला काळे फासून त्याच नाचाची नक्कल रंगमंचावर आणली आणि त्यावर पैसा केला. एकोणिसावे शतक संपता संपता त्या नाचाचे वेड युरोपपर्यंत पोहोचले. गुलामाने जिवाच्या भीतीत केलेली ती थट्टा, तिचा शब्द आज 'सहज जिंकणे' म्हणून वापरला जातो. कष्ट विसरले, वेदना विसरली, केक तेवढा राहिला.

ही गोष्ट वाचताना आमच्या डोळ्यांपुढे आपले तमासगीर आले. गावच्या पाटलापुढे सोंग काढणारे, डफ वाजवणारे, पोतराज झालेले आपले बाप-आजे आले. तेही पाटलाची नक्कल करीत. पाटीलही हसून चोळीचा खण, मूठभर धान्य देई. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९४६ साली त्यांनी काळ्यांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून आपल्या आणि त्यांच्या प्रश्नांतले साम्य मांडले. १९७२ साली मुंबईत आपल्या तरुणांनी दलित पँथर उभी केली, ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊनच. हे नाते आपल्याला ठाऊक आहे. मग आपल्या वर्तमानपत्रांत तरी 'केकवॉक' हा शब्द लिहिताना हात थोडा थबकायला नको काय?

हे अमेरिकेतले झाले. आपल्या देशातला केक तरी निर्मळ आहे काय? केरळात थलश्शेरी नावाचे गाव आहे. भारतीय माणसाने भाजलेला पहिला केक तिथला, असे तिथले लोक अभिमानाने सांगतात. मंबल्ली बापू नावाच्या गृहस्थाने तिथे १८८० साली बिस्किटांचा कारखाना काढला. १८८३ च्या नाताळात मर्डॉक ब्राउन नावाचा मळेवाला साहेब विलायतेहून आणलेला केक घेऊन त्याच्याकडे आला आणि म्हणाला, असा करून दाखव. बापूने स्थानिक जिन्नस आणि स्थानिक मद्य घालून केक भाजला. साहेबाला तो इतका आवडला की त्याने आणखी डझनभर मागवले, असे सांगतात. बापूच्या हाताला आमचा सलाम! पण ब्राउन या नावाचा, त्या घराण्याच्या अंजरकंडीच्या मसाल्याच्या मळ्याचा इतिहास केकच्या गोष्टीत कोणी सांगत नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीने हा मळा काढला, तेव्हा त्याचा कारभारी मर्डॉक ब्राउन याच नावाचा होता. दालचिनी आणि मिरीच्या त्या मळ्यावर त्याने राबायला गुलाम विकत घेतले. ते गुलाम कोण? पुलया आणि तत्सम अस्पृश्य जातींतली माणसे, बायका आणि मुले. त्रावणकोरातून पळवून आणलेली माणसेही त्यांत होती. १८११-१२ मध्ये थॉमस बेबर या कंपनीच्याच अधिकाऱ्याने चौकशी करून त्यांपैकी कितीतरी जणांना सोडवले. केकमधली दालचिनी सुगंधी लागते. पण ती तोडणाऱ्या हातांचा वास तिला येत नाही. तो इतिहास वाचूनच यावा लागतो.

तिसरा शब्द तर आपल्या अगदी घरचा. इंग्रजी बोलणारा माणूस आपल्या गोवरीला काय म्हणतो? 'काउडंग केक', म्हणजे शेणाचा केक! २०११ च्या जनगणनेत घरात चूल कशावर पेटते, याचे कोष्टक आहे, त्यात हा शब्द सरकारी अक्षरांत छापलेला आहे. लाकूड, पालापाचोळा, काउडंग केक, कोळसा, रॉकेल, गॅस. आपल्या मायबहिणींच्या वाट्याला शतकानुशतके आलेला केक तो हा. शेण वेचायचे, थापायचे, भिंतीवर पाच बोटांचे ठसे उमटवायचे. पण गोवरी निदान चुलीत जाई. शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' १९८४ साली आले. त्यात संतामाय जनावरांच्या शेणातले न पचलेले जोंधळ्याचे दाणे वेचते, धुते, दळते आणि त्याची भाकरी खाते. हे वाचून मराठी साहित्यातल्या कितीकांनी नाक मुरडले. ज्यांनी नाक मुरडले, त्यांच्या घरी वाढदिवसाला केक कापला जात होता. एकच शब्द, पण एकाच्या ताटात तो साय आणि साखर घेऊन येतो आणि दुसऱ्याच्या चुलीत शेण होऊन. जातीची उतरंड अशी शब्दांतही उभी असते.

आता थोडे घरचे सांगतो. आमच्या वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. त्यांची जन्मतारीख १ जून. त्यांचीच का, आमच्या चुलत्यांची १ जून, मामांची १ जून, गल्लीतल्या निम्म्या माणसांची १ जून. कारण शाळा जूनमध्ये सुरू होई. बाप पोराला घेऊन शाळेत जाई, गुरुजी विचारीत, जन्म कधीचा? बाप सांगे, जोंधळा हुरड्यात आला व्हता तव्हा. गुरुजी पोराचे वय अंदाजाने धरीत आणि १ जून लिहून टाकीत. ज्या समाजाचा जन्म कोणी लिहून ठेवण्याच्या लायकीचा समजला नाही, त्या समाजाच्या हजारो माणसांचा असा एकाच दिवशी सरकारी जन्म झाला. पण शाळेत नाव लागले, हेच मोठे. ती तारीख बाबासाहेबांची देणगी, असे दादा म्हणत. आणि १ जूनवाले नोकरदार निवृत्त होतात ३१ मे रोजी. म्हणून दर वर्षी ३१ मे ला महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांत निरोपाचे इतके समारंभ होतात.

दादा एका सरकारी कचेरीत शिपाई होते. त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी केक आणला. त्यावर त्यांचे नाव होते. पुढे 'साहेब' लिहिलेले. मोठ्या साहेबांनी स्वतःच्या हाताने केकचा तुकडा दादांच्या तोंडात घातला. फोटो निघाला. तो फोटो आमच्या घरात अजून आहे. त्या रात्री दादा जेवले नाहीत. आई म्हणाली, "गोड खाऊन आलाव, म्हणून भूक न्हाई का?" दादा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "एकतीस वर्सं झाली. ह्यो साहेब पाणी घरून बाटलीत आणायचा. माझ्या हातचं पाणी त्यानं कधी पिलं न्हाई. माझ्या डब्यातली भाकर त्या हापिसात एकानंबी मोडली न्हाई. आज जाताना त्येवढा केक भरवला."

आमची आई कधी शाळेत गेली नाही. पण ती जे बोलली, ते जातिव्यवस्थेवरचे अख्खे व्याख्यान होते. ती म्हणाली, "केक दुकानातला हाय, म्हणून भरवला. तुमच्या घरचा असता, तर भरवला असता व्हय?"

वाचकहो, आजच्या केकची मर्यादा ती हीच. तो बाजाराचा आहे, कोणाच्या चुलीचा नाही, म्हणून तो सगळ्यांना चालतो. कचेरीत महिन्याला दोन केक कापले जातात. सगळे एकमेकांना भरवतात, गालाला क्रीम लावतात. पाहणाऱ्याला वाटेल, जात गेली! पण दुपारी डबे उघडले की कोण कोणाजवळ बसते ते पाहा. घर भाड्याने मागायला जा आणि आडनाव सांगून पाहा. १९१७ साली केरळात चेराई येथे सहोदरन अय्यप्पन यांनी पुलया मुलांबरोबर सहभोजन घडवले, तर सवर्णच नव्हे, त्यांच्या स्वतःच्या जातीचे लोकही त्यांना 'पुलयन अय्यप्पन' म्हणून हिणवू लागले. आपल्याकडे अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकर सहभोजने केली. त्यात घरचा झुणका होता, एकमेकांच्या हातची भाकर होती, म्हणून सनातनी खवळले. केकवर कोणी खवळत नाही. ज्या सहभोजनाने कोणाचेच काही बिघडत नाही, त्याने जातीचेही काही बिघडत नाही, हे ओळखा. बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात सांगून ठेवले आहे की नुसत्या सहभोजनाने जात मरत नाही, खरा इलाज आंतरजातीय विवाह, आणि त्याहीपुढे जातीला पावित्र्य देणाऱ्या शास्त्रांचा अधिकार झुगारणे. केकचा तुकडा भरवणारा हात आपली लेक द्यायच्या वेळी कुठे जातो?

आणि आता तर केकमध्येही सोवळे शिरले आहे. 'शंभर टक्के शुद्ध शाकाहारी', 'फक्त एगलेस' असे फलक बेकऱ्यांवर झळकतात. कोणी अंडे खाऊ नये, हा त्याचा प्रश्न. पण जे अंडे खातात, ते 'अशुद्ध' असा त्या 'शुद्ध' शब्दाचा अर्थ होतो. वस्तीत केक आणतानाही आपली पोरे हल्ली एगलेसच आणतात. विचारले, तर म्हणतात, "सगळ्यांना चालतो." सगळे म्हणजे कोण? केकमधले अंडे काढले, तर श्रीमंताच्या पोराचे काही बिघडत नाही. पण शाळेतल्या पोराच्या ताटातले अंडे काढले, तर बिघडते. महाराष्ट्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे द्यायचे ठरवले. ओरड झाली आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचे पैसे बंद केले. शाळांनी हवे तर लोकवर्गणीतून अंडी द्यावीत, असे सांगितले. जिल्हा परिषदेच्या आणि महापालिकेच्या शाळांत कोणाची पोरे शिकतात, हे वेगळे सांगायला नको. त्या एका अंड्यासाठी आपल्या किती संघटनांनी निवेदने दिली? आणि केक किती कापले?

यापुढचे लिहिताना मन जड होते, पण लिहिले पाहिजे. केक कापायला सुरी पुरत नाही, म्हणून आपली पोरे तलवारी काढू लागली आहेत. 'भाईचा बर्थडे' म्हणून चौकात रात्री बाराला मोटारसायकलच्या सीटवर पाच-सहा केक मांडायचे, तलवारीने कापायचे, तोंडाला फासायचे आणि त्याची चित्रफीत मोबाईलवर टाकायची. दुसऱ्या दिवशी तीच चित्रफीत पोलिसांच्या हातात असते. शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो. 'भाई' सुटतो, त्याच्यामागे पुढारी असतो. अडकतात ती मागे उभी राहून टाळ्या वाजवणारी आपली पोरे. आमच्या ओळखीचा एक मुलगा पोलीस भरतीसाठी दोन वर्षे पहाटे चार वाजता उठून धावत होता. मैदानी परीक्षेत उतरला, लेखीत उतरला. चारित्र्य पडताळणीत तलवारीच्या केकचा गुन्हा निघाला. त्याने तलवार हातात धरलीसुद्धा नव्हती, चित्रफितीत तो मेणबत्ती पेटवताना दिसत होता. आता तो एका गोदामात रात्रपाळीचा पहारेकरी आहे. त्याची आई आम्हाला म्हणाली, "भाऊ, माझ्या लेकराची नोकरी त्या केकानं खाल्ली." महाडच्या तळ्यावर आपले लोक गेले, तेव्हा त्यांच्या हाती तलवार नव्हती. ओंजळ होती. आणि त्या ओंजळीने हा देश हलवला. त्यांचे वारस आज कोणाच्या वाढदिवसाला तलवार उपसून उभे आहेत?

जयंतीच्या केकचेही तसेच. काही ठिकाणी जितकावी जयंती, तितक्या किलोचा केक, अशी चढाओढ लागली आहे. २०२५ साली १३४ वी जयंती झाली. किलोला पाचशे रुपये धरले, तरी १३४ किलोचे ६७ हजार रुपये होतात. एका रात्रीत खाल्ले, सांडले, तोंडाला फासले, संपले. एवढ्या पैशांत स्पर्धा परीक्षेच्या पोरांची एक अभ्यासिका खुर्च्या-टेबलांसह उभी राहते. बाबासाहेब लंडनला शिकत असताना सकाळी पावाच्या तुकड्यावर आणि रात्री भाजलेल्या पापडावर दिवस काढत, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्यांच्या नावाने अन्न तोंडाला फासणे, हे कोणत्या अनुयायित्वात बसते?

जयंती करू नये, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. १९२८ साली पुण्यात जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी पहिली सार्वजनिक जयंती केली, तेव्हापासून ती आपल्या समाजाची जत्रा नव्हे, तर शाळा आहे. आपल्याला दुसरा सण नव्हता, तेव्हा या सणाने माणूस म्हणून उभे केले. पण १९४३ साली पुण्यातच रानडे यांच्यावरील व्याख्यानात बाबासाहेबांनी विभूतिपूजेवर कोरडे ओढले आहेत. १९४९ साली संविधान सभेतल्या अखेरच्या भाषणातही राजकारणातली भक्ती ही हुकूमशाहीकडे नेणारी वाट आहे, असा इशारा त्यांनी दिला. केकवर त्यांचा फोटो छापणे हा त्या इशाऱ्याचाच विसर आहे. कोणी म्हणेल, यात कायद्याने काय चूक? कायद्याने काहीच नाही. कोइमतूरला २०१३ च्या नाताळात तिरंगा आणि अशोकचक्र काढलेला केक कापला, म्हणून तक्रार झाली होती. २०२१ साली मद्रास उच्च न्यायालयाने तो राष्ट्रध्वजाचा अवमान नाही, असा निकाल दिला. बरोबरच दिला, भावना दुखावल्या म्हणून माणसाला तुरुंगात टाकायचे नसते. आपणही कोणावर खटले भरू नयेत. पण कायदा जे माफ करतो, ते सगळे करायलाच हवे, असे थोडेच आहे?

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. केक आणा, पण त्यावर बाबासाहेबांचा चेहरा नको, अशोकचक्र नको, संविधान नको. बाळाचे नाव असू द्या. आपल्या मुलीचे नाव साखरेच्या अक्षरांत वाचताना ज्या बापाला आपले धोंड्या, कचरू हे नाव आठवते, त्याला तो आनंद घेऊ द्या. कापायला सुरी पुरते, तलवार नको. पहिला तुकडा पुढाऱ्याला न देता, पहाटे उठून तो चौक झाडणाऱ्या ताईला द्या. घरात वाढदिवस असेल, तर कचेरीतल्या मित्रांना दुकानातला केक देऊन मोकळे होऊ नका, घरी जेवायला बोलवा. आपल्या चुलीवरची भाकर मोडतो की नाही, ते पाहा. आणि जयंतीच्या रात्री केक लहान करा, खिरीचा हंडा मोठा करा. सुजातेच्या खिरीचा वारसा आपल्याला आहे. खीर कापावी लागत नाही, ती पळीने वाटली जाते आणि ती आपल्याच हातची असते.

आता त्या चौकोनाचे सांगतो. तसबिरीचा तो तुकडा कोणी कापेना, कोणी खाईना, टाकवेना. शेवटी एका ताटात घेऊन तो बुद्धविहाराच्या खिडकीत ठेवला. १४ एप्रिलचे ऊन तुम्हाला ठाऊकच आहे. सकाळी दहाला वंदनेसाठी विहार उघडले, तेव्हा क्रीम वितळून ताटभर पसरले होते, त्यावर मुंग्या आल्या होत्या आणि चेहरा ओळखू येत नव्हता. एका म्हाताऱ्या बाईने कोणाशी न बोलता ते ताट पदराआड उचलून नेले.

ती चौथीतली मुलगी तिथेच, विहाराच्या दुसऱ्या कोपऱ्यात बसली होती. मंडळाने बक्षीस दिलेले बाबासाहेबांचे लहानसे चरित्र तिच्या मांडीवर उघडे होते. तेही त्याच खिडकीच्या उन्हात होते. त्यातले एक अक्षर वितळले नव्हते.

जयभीम!